लहरी कोणाच्या?

२०२५ च्या प्रजासत्ताकदिनानिमित्त भारत सरकारने ज्यांस पद्मश्री जाहीर केली, त्यांत गोव्याच्या श्रीमती लिबिया लोबो सरदेसाई यांचे नाव होते. वयाची शंभरी गाठलेल्या या विदुषीचे राष्ट्रकार्य कोणते, असे नव्या पिढीतील वाचक कदाचित विचारतील. ते थोडक्यात असे : १९५५ च्या नोव्हेंबरापासून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत त्यांनी व कै. वामनराव सरदेसाई यांनी सह्याद्रीच्या रानात, प्रथम आंबोलीच्या परिसरात व पुढे कॅसलरॉककडे, एका मालमोटारीत बिनतारी यंत्र ठेवून गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून ऐकविला. पोर्तुगीज सरकारचा परवाना अर्थातच नव्हता. त्यापूर्वी १९९८ साली पद्मविभूषण मिळालेल्या डॉ. उषा मेहता यांचाही लौकिक अशाच एका परवान्यावाचूनच्या केंद्रावर उभा होता. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत सुरू झालेला काँग्रेस रेडिओ जागा बदलत बदलत जेमतेम तीन महिने चालला, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला, आणि उषाताईंना चार वर्षांची सजा झाली. ज्या कृत्यासाठी एका राजवटीने तुरुंग दाखविला, त्याच कृत्यासाठी दुसऱ्या राजवटीने पदक दिले. यात विसंगती नाही. परकी सत्ता आणि लोकसत्ता यांतील भेद तो हाच, असे आपण अभिमानाने म्हणतो.

या अभिमानाची एक लहानशी परीक्षा घेऊन पाहावी असे आम्हांस वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, एखाद्या माडिया मुलीने दहा-वीस वॅटचे प्रक्षेपक यंत्र जुळविले, घराशेजारच्या झाडावर तार चढविली आणि आपल्या भाषेत सांगितले, की नाल्याला पूर आला आहे, आज पलीकडे जाऊ नका. तर काय होईल? २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात परवानगीवाचून असे जाळे उभारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ही मुलगी आमच्या कल्पनेतील आहे. कलम मात्र कल्पित नाही.

एटापल्ली म्हणजे नकाशावर कोठे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांस सांगावे लागते यातच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. आलापल्लीचे प्रसिद्ध सागवान मागे टाकून रस्ता तेथे पोहोचतो, आणि तेथून पुढे गट्टा, कसनसूर, जांबिया या बाजूंना छत्तीसगडच्या सीमेपर्यंत डोंगर, नाले आणि त्यांच्या कुशीत विखुरलेली गावे व टोले. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग वनाखाली. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून गणल्या गेल्या आहेत, त्यांत कातकरी व कोलाम यांच्या जोडीला माडिया येतात. घरात व गोटुलात माडिया भाषा, आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, छत्तीसगढी यांची सरमिसळ, आणि शाळेत व कचेरीत मराठी. ज्यांनी काही वर्षे शाळेत खडू झिजविला आहे त्यांस ठाऊक असते, की घरची भाषा उंबऱ्यावर ठेवून आलेले मूल वर्गात मुके भासते. त्यास मठ्ठ समजण्याचा प्रमाद जसा एखादा मास्तर करतो तसाच सरकारही करते. फरक इतकाच, की मास्तराच्या वर्गात चाळीस मुले असतात.

पावसाळ्यात बांडिया आणि पर्लकोटा फुगल्या म्हणजे गावांची वाट तुटते. शेजारच्या भामरागडचा संपर्क तुटणे ही तर दरसालची वार्ता. राज्यातील हिवतापाच्या रोग्यांचा मोठा वाटा याच जिल्ह्याचा. तेंदूपानांचा हंगाम, बांबूचे दर, रेशनचे धान्य आले की नाही, दवाखान्यात डॉक्टर आहे की रजेवर आहे, या गोष्टी तेथे एका गावाहून दुसऱ्या गावी माणसाच्या पायांनी जातात. आणि अलीकडे एक नवा विषय आला आहे. ज्या सुरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, त्याच डोंगरातून लोहखनिज निघते. खाणीची वार्षिक मर्यादा तीस लक्ष टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याच्या प्रस्तावावरील जनसुनावणी १९२२ साली नव्हे, २०२२ च्या ऑक्टोबरात झाली, आणि ती झाली गडचिरोली शहरात, डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. खाण हवी की नको, याविषयी आम्ही येथे मत देत नाही. तेथील लोकांतही दोन्ही मते आहेत. परंतु सुनावणी म्हणजे ऐकणे. ज्यांचे ऐकावयाचे त्यांना त्या दिवसाची वर्दी त्यांच्या भाषेत, त्यांच्या कानी, वेळेवर पोहोचविण्याचे साधन कोणते होते?

असे साधन शंभर वर्षांपूर्वीच जगास सापडलेले आहे. तेही आपल्याकडे सरकारने आणले असे नाही. भारतात ध्वनिक्षेपणाचा आरंभ १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने केला; हौशी मंडळींचा तो उद्योग होता. नंतर १९२७ साली कंपनी निघाली, ती १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. मग तो सुटला नाही. कायद्याचा पाया तर त्याहून जुना. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारचे झाले; १८८५ च्या तारायंत्र कायद्याने संदेश पाठविण्याचा अनन्य अधिकार सरकारचा झाला; १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही परवाना लागू लागला. इंग्रजाने सात वर्षांच्या अंतराने प्रजेच्या दोन सामायिक गोष्टींवर कुंपण घातले, एक पायाखालची आणि एक डोक्यावरची. एटापल्लीच्या माणसास पहिल्या कुंपणाचा जाच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुसऱ्याची त्यास कल्पनाही नसेल, कारण जी वस्तू कधी हाती आलीच नाही ती काढून घेतल्याचे दुःख होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे कुंपण निघेल असे वाटले होते. निघाले नाही. आकाशवाणीने या देशाची मोठी सेवा केली आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने सुमारे दीडशे गावांत जी शेतकरी श्रोतृमंडळे चालविली, त्यांत गावकरी कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे परत पाठवीत. श्रोत्याला तोंड असते हे नभोवाणीने प्रथम तेथे मान्य केले. तो प्रयोग जगभर वाखाणला गेला आणि आपल्याकडे त्याची धग हळूहळू विझली. पुढची चाळीस वर्षे बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, हीच रीत राहिली.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तंटा होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात. क्षुल्लक वादातून मोठे तत्त्व निघावे असे क्वचित घडते; येथे घडले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी सांगितले, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा उपयोग सार्वजनिक हितासाठी व्हावा, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये आणि धनिकांचीही असू नये. आणि तिचे नियमन स्वतंत्र अधिकारी संस्थेकडे असावे. न्या. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे. त्यांच्या निकालाचा पहिला भाग सरकारने पाळला तो असा, की लहरी लिलावात काढून शहरोशहरी व्यापारी केंद्रे उघडू दिली. दुसरा भाग, म्हणजे सामान्य लोकांच्या हाती काही लहरी देणे, त्यास सरकारला अकरा वर्षे लागली. स्वतंत्र नियामक संस्था तर सामुदायिक केंद्रांच्या बाबतीत आजही नाही. परवाना देणारे, तो अडविणारे आणि कार्यक्रमावर नजर ठेवणारे सरकारच आहे. आपल्या भाषेत लहरी या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. लहरी जनतेच्या आहेत असे न्यायालय म्हणते. कारभार पाहिला तर दुसऱ्या अर्थाच्या लहरींवरच सारे चालले आहे.

त्या अकरा वर्षांत काय घडले हे पाहण्यासारखे आहे. त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, पस्तापूरजवळच्या माचनूर येथे, दलित शेतकरी स्त्रियांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने ध्वनिमुद्रणाची खोली आणि मनोरा उभारला. सारे सिद्ध होते, परवाना नव्हता. म्हणून सुमारे दहा वर्षे त्या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून त्याच्या फिती गावोगाव नेऊन वाजवीत राहिल्या. हवेतून क्षणात जाणारा शब्द त्यांनी दशकभर पिशवीतून वाहिला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा संगम रेडिओ रीतसर सुरू झाला. कोलार जिल्ह्यातील बुदिकोटे येथे तर हवा निषिद्ध म्हणून तारेतून आवाज नेला. दूरचित्रवाणीची केबल होती, तीतूनच 'नम्म ध्वनी' घराघरांत पोहोचला. या लोकांनी कायदा पाळला. कर्नूल जिल्ह्यातील ओर्वकल येथे बचतगटांच्या स्त्रियांनी २००२ साली 'मना रेडिओ' नावाचे चिमुकले केंद्र परवान्यावाचून सुरू केले. काही महिन्यांतच ते बंद करण्यात आले. आणि बिहारातील वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी, दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या राघव महतो या तरुणाने पन्नासएक रुपयांच्या सामानातून केंद्र उभे केले. बांबूच्या खांबावर तार, वर्षानुवर्षे गाणी, आरोग्याच्या सूचना, हरवल्या-सापडल्याच्या खबरा. पंचक्रोशीत त्यावाचून कोणाचे पान हलेना. परदेशी वार्ताहरांनी त्याचे कौतुक छापले. कौतुक छापले म्हणून सरकारी डोळ्यांस ते दिसले, आणि २००६ च्या मार्चमध्ये केंद्र बंद झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवे धोरण जाहीर करून स्वयंसेवी संस्थांस परवाने खुले केले. मात्र व्यक्तीस परवाना मिळत नाही, हा नियम कायम राहिला. मन्सूरपूरच्या तरुणाला आठ महिने थांबूनही काही लाभ नव्हता.

२००६ हे वर्ष वनवासी जनतेच्या इतिहासात दुसऱ्या कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस वनहक्क कायदा संमत झाला. १८७८ चे कुंपण आणि १८८५ चे कुंपण, दोन्हींत एकाच वर्षी फट पडली, आणि या योगायोगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रानातील फट गडचिरोलीच्या लोकांनी स्वकष्टाने रुंद केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु बांबू तोडून विकावयाचा तर वाहतुकीचा पास वनखात्याचा. हक्क गावाचा आणि पास साहेबाचा! दोन वर्षांच्या झगड्यानंतर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावी जाऊन पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वनस्पतिशास्त्राने ज्यास गवत म्हटले त्या बांबूस कायदा नव्वद वर्षे वृक्ष म्हणत आला होता. ते म्हणणे २०१७ साली सोडण्यात आले. आज गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभा तेंदू व बांबूचे लिलाव स्वतः करतात, मजुरी वाटतात, लक्षावधी रुपयांचे हिशेब ठेवतात. एटापल्लीतही हेच चालते.

लहरींची फट मात्र होती तेवढीच राहिली. शंभर वॅट शक्ती, तीस मीटरपर्यंत मनोरा, नफा नाही, निम्मे कार्यक्रम स्थानिक, आणि प्रत्येक कार्यक्रमाची मुद्रित प्रत तीन महिने जपणे, या अटी अवास्तव नाहीत. अडचण अर्जाच्या प्रवासात आहे. अर्ज माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे, तेथून गृहखाते, संरक्षणखाते, मग इरादापत्र, मग करार, मग लहरींच्या वाटपासाठी दुसऱ्या मंत्रालयाची बिनतारी शाखा, मनोऱ्याच्या जागेसाठी तिसरी समिती, आणि शेवटी यंत्र चालविण्याचा वेगळा परवाना. दिल्लीत माणूस ठेवण्याची ज्याची ऐपत, त्याचा कागद पुढे सरकतो. २०१२ साली तर लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० वर नेण्यात आले. ओरड झाली तेव्हा मागे घेतले. परिणाम असा, की पंधरा-अठरा वर्षांत देशात अशी केंद्रे पाचशेच्या घरात पोहोचली, आणि त्यांत विद्यापीठे व महाविद्यालये यांचा भरणा मोठा. विद्यापीठांच्या केंद्रांविषयी आम्हांस आकस नाही. पण ज्या शहरात वीस वाहिन्या ऐकू येतात तेथे एकविसावी उघडणे आणि जेथे एकही धड ऐकू येत नाही तेथे पहिली उघडणे, यांची किंमत एक धरता येत नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून दुष्काळी माण तालुक्यात जे काम करीत आहे ते पाहिले म्हणजे योग्य हाती पडलेले शंभर वॅट काय करतात याची खात्री पटते.

आता बातम्यांविषयी. सामुदायिक केंद्रांस स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविता येतात. हवामान, परीक्षांचे निकाल, खेळ, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना यांस बातमी मानीत नाहीत. म्हणजे आमच्या त्या माडिया मुलीने परवाना मिळविला तर ती पूर आल्याचे सांगू शकेल. मात्र पूल का वाहून गेला, याची चर्चा करू लागली तर ती बातमी होईल, आणि चालू घडामोड म्हणून निषिद्ध ठरेल. वृत्तपत्र काढण्यास कोणाची आगाऊ अनुमती लागत नाही, नोंदणी पुरते. दूरचित्रवाणीवर अहोरात्र भांडणे चालतात. शब्द हवेतून स्वस्तात जाऊ लागला की मात्र राज्य धोक्यात येते! या बंदीविरुद्ध 'कॉमन कॉज' ही संस्था २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा सरकारने सुरक्षिततेचे कारण पुढे केले.

हे कारण एटापल्लीच्या बाबतीत उडवून लावण्याजोगे नाही. चाळीस वर्षे हा मुलूख नक्षलवादी आणि पोलीस यांच्या बंदुकांच्या मध्ये राहिला. २०१६ च्या डिसेंबरात सुरजागडच्या वाटेवर खाणीच्या कामावरील कित्येक वाहने जाळण्यात आली. २०१८ च्या एप्रिलात बोरिया-कसनासूर व आसपासच्या रानांतील चकमकींत चाळीस माणसे मेली. अशा ठिकाणी प्रक्षेपक यंत्र कोणाच्या हाती पडेल, हा पोलीस अधिकाऱ्याचा प्रश्न रास्त आहे. शब्दानेही माणसे मरतात. रुवांडात १९९४ साली एका नभोवाणी केंद्राने कत्तलीस जी चिथावणी दिली ती जग विसरलेले नाही. परंतु हेच उदाहरण नीट पाहावे. ते केंद्र चोरटे नव्हते. तेथील सरकारचा परवाना त्यास होता आणि सत्ताधाऱ्यांचा आशीर्वादही होता. परवाना ही सद्‌वर्तनाची हमी नव्हे, एवढे त्यावरून दिसते. शिवाय बंदूकवाल्यांना संदेश पाठविण्यासाठी सामुदायिक केंद्राची वाट कधीच पाहावी लागली नाही. तोंड बंद राहिले ते गावकऱ्यांचे. एका बाजूने खबऱ्या म्हणून आणि दुसऱ्या बाजूने साथीदार म्हणून ज्याच्यावर संशय, त्याला चारचौघांत, उघड, नाव सांगून बोलण्याची जागा मिळणे ही शांततेचीच सोय आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने ओळखला जाणारा वरिष्ठ नक्षली नेता साठेक साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून गेला. भीतीचे कारण ओसरत आहे असे सरकारच सांगते. मग भीतीपोटी घातलेल्या बंधनांचा फेरविचार करण्याची वेळही सरकारच्याच हिशेबाने आलेली आहे.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे, आणि त्यात तथ्य आहे. ओबडधोबड यंत्र आपल्या लहरीवर थांबत नाही. शेजारच्या लहरींत घुसते. एफ.एम.चा पट्टा १०८ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि तेथूनच विमानांच्या मार्गदर्शनाचा पट्टा सुरू होतो. गडचिरोलीच्या आकाशात तर पोलिसांची हेलिकॉप्टरे फिरतात. म्हणून यंत्र तपासलेले असावे, लहर ठरवून दिलेली असावी, हे आम्हांस मान्य आहे. पण ते काम एखाद्या अभियंत्याच्या एका दिवसाचे आहे. त्यासाठी तीन मंत्रालयांची आणि काही वर्षांची गरज नाही.

सुरक्षिततेच्या चर्चेत एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांची हकीकत वृत्तपत्रांना छापता येत नव्हती. ती देशास ऐकविणाऱ्यांत मुंबईचे ते काँग्रेस रेडिओचे चोरटे केंद्र होते. चिमूर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले, आणि आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. ज्या जिल्ह्याचे दुःख जगापुढे नेण्यास एकदा परवान्यावाचूनचा रेडिओच कामी आला, त्या जिल्ह्याने परवान्याच्या कागदाकडे कोणत्या नजरेने पाहावे?

लोक थांबत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. शेजारच्या छत्तीसगडात २०१० साली शुभ्रांशु चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी.जी.नेट स्वर सुरू केला. एका क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा, आपले म्हणणे गोंडीत वा हिंदीत सांगावयाचे. ते तपासून झाले की कोणीही दूरध्वनीवरच ऐकावे. पुढे हेच कार्यक्रम ब्लूटूथच्या साह्याने एका खिशातून दुसऱ्या खिशात जाऊ लागले. त्यास गावकरी 'बुलटू रेडिओ' म्हणतात. हँडपंप दुरुस्त झाला नाही, मजुरी मिळाली नाही, अशा तक्रारी अशा रीतीने अधिकाऱ्यांच्या कानी गेल्या आणि काहींचे निवारणही झाले. पाहा, माचनूरच्या बायकांची फितींची पिशवीच पुन्हा आली, फक्त लहान होऊन. पण दूरध्वनीस मनोरा लागतो, भरणा लागतो, आणि डोंगराआडच्या टोल्यावर त्याचा आवाज पोहोचतोच असे नाही. साधा रेडिओ दोन सेलांवर महिना काढतो, आणि एका अंगणात दहा माणसे तो ऐकतात.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीच्या ९१ लहान प्रक्षेपकांचे उद्‌घाटन केले. प्रत्येकाची शक्ती शंभर वॅट, आणि रोख मागास व सीमावर्ती जिल्ह्यांवर. शंभर वॅटने काय साधते याचा सरकारला हा साक्षात्कार आम्ही शुभच मानतो. परंतु त्या प्रक्षेपकांतून निघणारा आवाज दूरच्या शहरांतून आलेला असतो, गावाचा नसतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार लोक होते, संस्कृत सांगणारे २४,८२१. संस्कृतात आकाशवाणीचे वार्तापत्र १९७४ पासून आहे, आणि ते असावे, असे संस्कृतावर प्रेम करणारे आम्ही म्हणतो. गोंडीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अद्याप स्थान नाही. जगदलपूर केंद्रावर गोंडी व हलबी कार्यक्रम होतात. पण बस्तरची गोंडी आणि भामरागड-एटापल्लीची माडिया यांतही अंतर आहे. तीस लाखांची भाषा कोणा एका केंद्राने बोलावयाची नसतेच. ती शंभर ठिकाणी शंभर परींनी बोलली जाते.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने सामुदायिक नभोवाणीचे नियम सुधारले. परवान्याची मुदत दहा वर्षे केली, जाहिरातींची वेळ ताशी सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली. एटापल्लीच्या आठवडी बाजारात ताशी बारा मिनिटे जाहिराती देणारे दुकानदार कोठून येणार, हे दिल्लीच्या कोणी सांगितले नाही. खरी सुधारणा राहून गेली आहे. परवान्यास कोण पात्र, या यादीत शिक्षणसंस्था आहेत, कृषि विज्ञान केंद्रे आहेत, तीन वर्षे नोंदलेल्या संस्था व न्यास आहेत. ग्रामसभेचे नाव नाही. पेसा कायद्याने १९९६ साली जिला गावाच्या परंपरा व साधनसंपत्तीची राखणदार मानली, वनहक्क कायद्याने जिच्या नावे हजारो हेक्टर रान केले, तिच्या हाती वीस वॅटचे यंत्र देण्यास कायद्यात ओळ नाही. बाहेरची संस्था येणार, अनुदान असेतो केंद्र चालविणार, अनुदान संपले की कुलूप लावणार. हे आपण पुष्कळ पाहिले. ग्रामसभा कोठे जात नाही. तिने केंद्र चालविले तर ते चुकेल, अडखळेल, त्यावर गावातील भांडणेही होतील. पण ते गावाचे राहील. अमेरिकेत २००० साली परवान्यावाचूनच्या केंद्रांचा उपद्रव वाढला तेव्हा तेथील नियामकाने त्यांतून धडा घेऊन अल्पशक्तीच्या केंद्रांचा वेगळा वर्गच निर्माण केला. नेपाळसारख्या लहान देशाने १९९७ मध्ये रेडिओ सगरमाथास परवाना दिला, आणि आज तेथे डोंगराडोंगरांत केंद्रे आहेत. अल्पशक्तीच्या, डोंगरी व वनप्रदेशातील केंद्रांस परवाना नको, नोंदणी पुरे. तपासलेले यंत्र सरकारनेच पुरवावे. अर्जावर नव्वद दिवसांत उत्तर न आल्यास अनुमती मिळाली असे मानावे. लहरींचे शुल्क माफ व्हावे. आणि स्थानिक बातमीस मोकळीक असावी, तिचा दोष निघाल्यास जो कायदा वृत्तपत्रास लागतो तोच लागावा. यांत क्रांतिकारक असे काही नाही.

दिल्ली हलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. एटापल्ली तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील पाचव्या परिच्छेदान्वये संसदेचा एखादा कायदा अशा क्षेत्रास लागू करू नये, अथवा विशिष्ट फेरफारांसह लागू करावा, असे अधिसूचनेने ठरविण्याचा अधिकार राज्यपालांस आहे. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०२० साली वनहक्क कायद्याच्या बाबतीत तो वापरलाही आहे. दूरसंचार अधिनियमातील दंडाचे कलम ग्रामसभेने चालविलेल्या अल्पशक्तीच्या केंद्रास लागू नाही, एवढी एक अधिसूचना राजभवनातून निघू शकते. ती काढणे योग्य की अयोग्य, याचा विचार करण्यासाठी राज्याची आदिवासी सल्लागार परिषद आहे. तिच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि गडचिरोलीच्या आमदारांनी तो तेथे मांडावा.